झिरो माईलपासून

तो जुना सिनेमा मी पहिल्यांदा पाहिला
धरमपेठेतून भाड्यानं आणलेल्या कॅसेटवर,
आवाज अगदी बारीक करून,
कारण आतल्या खोलीत हेमराज
पंख्याचे फेरे मोजत बसला होता.
दोन भाऊ, एक गाडी, परक्या देशातला लांबच लांब रस्ता.
धाकटा चिडका, हिशोबी. थोरला आपल्याच तालात.
मी सतरा वर्षांचा.
सिनेमा संपला तेव्हा रडलो
आणि उठून आतल्या खोलीचं दार
बाहेरून लावून घेतलं.

नंतर पुण्यात तो चारदा पाहिला, वेगवेगळ्या माणसांबरोबर.
दर वेळी कुणीतरी विचारायचंच,
अशा लोकांमध्ये एखादी अफाट शक्ती असते ना रे?
असेल, मी म्हणायचो.
मला भाऊ आहे, हे त्यांना माहीत नव्हतं.
हेमराजला मोठे गुणाकार येत नाहीत,
गेल्या शतकातला वार सांगता येत नाही.
त्याला वरणात जिरं चालत नाही
आणि कुकरची तिसरी शिट्टी.

आता बाबा नाहीत. वंजारीनगरचं घर विकलं.
मागच्या सीटवर त्याची गादी, स्टीलचा एक पेला,
पिशवीत बंद पडलेली सात घड्याळं.
सातही लागतात.
विमानाला तो नाही म्हणाला, म्हणजे
विमानतळाच्या दारात फरशीवर बसला, दोन तास.
म्हणून रस्ता.
खोटं कशाला बोलू, मनात मी तोच सिनेमा लावला होता:
ढाबा, भांडण, मग रात्रीच्या कुठल्याशा वळणावर
त्याचं डोकं माझ्या खांद्यावर.

वाडी नाक्यापाशी त्यानं डॅशबोर्डवर बोट ठेवलं.
"चुकलं."
काय चुकलं?
"चुकलं. चुकलं. चुकलं."
मनगट चावायला लागला. मागून ट्रकचा हॉर्न.
मी ओरडलो,
आणि वीस वर्षांचं पुणे जिभेवरून गळून पडलं:
"कायले करून राहिला बे असा!"
तो एकदम गप्प.
आवाज ओळखीचा वाटला असणार.
"झिरो," म्हणाला. "झिरो माईल."

परत फिरलो.
युनिव्हर्सिटी, लॉ कॉलेज चौक, प्रत्येक सिग्नल लाल.
तो दगडी खांब, ते चार घोडे
कधीपासून उधळलेले आणि कुठेच न गेलेले.
उतरला नाही. पुन्हा तेच बोट, तीच जागा.
तेव्हा कुठे मला दिसलं:
ट्रिपमीटर. बावीस पूर्णांक सहा.

तेराव्याला शेजारच्या बोकडेकाकू सांगत होत्या,
मी अर्धवट ऐकलं होतं,
की बाबा दर रविवारी त्याला स्कूटरवर इथं आणायचे.
"इथूनच सारं मोजतेत, हेमू."
स्कूटरचा काटा काही शून्यावर येत नसे,
तर खिशातून खडू काढून
मीटरच्या काचेवर गोल शून्य काढायचे
आणि मग किक मारायचे.

मी बटण दाबून धरलं.
शून्य.
त्यानं हात मांडीवर ठेवले. पट्टा स्वतःच लावला.

त्या सिनेमाचं मला आजही कौतुक आहे.
त्यात शेवटी कुणी बरं होत नाही,
ही गोष्ट मी पाच वेळा पाहिली
आणि पाचही वेळा मला ती दिसली नाही.

कोंढाळीच्या अलीकडे एक ढाबा होता, मी गाडी वळवली.
बिनाजिऱ्याचं वरण मिळेल का, विचारणार होतो.
हेमराज काट्याकडे बघत होता.
एकोणपन्नास पूर्णांक नऊ.
मी इंजिन बंद केलं नाही.
पार्किंगमधून गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली,
हळूहळू, शंभर मीटर,
बाभळीखाली पन्नास होईपर्यंत.
"पन्नास," तो म्हणाला.
"पन्नास," मी म्हणालो.
ढाब्यापर्यंत मागं चालत गेलो,
तो पुढे, मी घड्याळांची पिशवी घेऊन.